लातूरचं पाणी कुठे गेलं?
मिरजेहून पाण्याची रेल्वे एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पोहोचली, तेव्हा सगळा दोष पावसावर ढकलला गेला. पाऊस लागोपाठ दोन वर्षं कमी पडला होता, हे खरंच. पण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या मराठवाड्याला ते नवं नाही. ज्वारी-करडईच्या रानात ऊस काही पावसाने लावला नाही. राज्यातल्या पिकाखालच्या जेमतेम ४ टक्के जमिनीवरचा ऊस सिंचनाचं सुमारे ७० टक्के पाणी पितो, असं केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानेच म्हटलं आहे. मांजरा धरण आटलं, बोअर शेकडो फूट खोल गेले. शेतकऱ्याला मी बोल लावणार नाही. उसाइतकी खात्रीची खरेदी त्याला तुरीत कुठे मिळते? पण अशा टापूत साखर कारखान्यांना परवाने देताना पाण्याचा हिशेब का मांडला नाही, याचं उत्तर सरकारने द्यायलाच हवं.