पूल पडण्याआधी जबाबदाराचं नाव सांगा!



14 मार्च 2019 ची संध्याकाळ. कामावरून सुटलेली माणसं लोकल पकडायला हिमालय पुलावरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसकडे निघाली होती. रात्रपाळीसाठी जीटी रुग्णालयात निघालेल्या परिचारिकाही त्या पुलावर होत्या. पायाखालचा स्लॅब सुटला आणि माणसं थेट रस्त्यावर आदळली. जखमींना रुग्णालयात नेणं चालू होतं, तेव्हाच वाद पेटला होता : पूल रेल्वेचा की महापालिकेचा? पूल महापालिकेचा निघाला. महापालिकेनेच नेमलेल्या सल्लागाराने आपल्या तपासणीत हा पूल किरकोळ दुरुस्ती करून वापरण्याजोगा ठरवला होता!

ही टोलवाटोलवी नवी नाही. आदल्याच वर्षी, जुलै 2018 मध्ये, अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला, तेव्हाही देखभाल कुणाची यावरून रेल्वे आणि महापालिका एकमेकांकडे बोट दाखवत होत्या. 13 मे 2024 ला घाटकोपरला पेट्रोल पंपावर महाकाय होर्डिंग कोसळून 17 जणांचा बळी गेला. महापालिकेची मर्यादा 40 बाय 40 फुटांची. हे होर्डिंग 120 बाय 120 फुटांचं. महापालिका म्हणाली, जागा रेल्वे पोलिसांची, परवानगी आमची नाही. भर रस्त्यावर एवढा सांगाडा उभा राहतो, तो सगळ्यांना दिसतो, आणि पाडायचा कुणी हे मात्र माणसं मेल्यावरही ठरत नाही.

जिथे हद्दीचा वाद नसतो, तिथे दोष निसर्गाच्या माथी मारला जातो. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 जण गेले. रेल्वेच्या चौकशीने बोट दाखवलं मुसळधार पावसाकडे. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. तरी राज्याचे तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचं सांगितलं. खेकडे भिंत पोखरत असतील, तर ते वेळेत पाहणं हे कुणाचं काम होतं? त्या प्रश्नाला उत्तर हवं होतं.

आणि निसर्गही पुरला नाही, तर लोकच दोषी. 15 जून 2025 ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळून 4 जण मृत्युमुखी पडले. फलक लावला होता, लोकांनी ऐकलं नाही, असं सांगण्यात आलं. गर्दी करणं चूकच. पण रविवारी, पावसाळ्यात तिथे गर्दी होते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. पूल धोक्याचा आहे हे माहीत असताना दोन्ही तोंडं पक्की बंद का केली नाहीत? फलक ठोकला की कर्तव्य संपलं, हे आम्ही मान्य करत नाही.

‘पैसा नाही, माणसं नाहीत’ ही सबबही टिकत नाही. एल्फिन्स्टन रोडला दुर्घटनेनंतर लष्कराला बोलावलं आणि फेब्रुवारी 2018 मध्ये नवा पूल खुला झाला. ऑगस्ट 2016 मध्ये महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. तिथला नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला. म्हणजे क्षमता आहे, निधी आहे, तंत्रज्ञान आहे. फक्त ते सगळं प्रेतं मोजून झाल्यावर जागं होतं.

आणि मग ठरलेला क्रम : मंत्र्यांचा पाहणी दौरा, वारसांना 5 लाख, चौकशी समिती, एखाद्या अभियंत्याचं निलंबन. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सारं शांत. आम्ही कुणाचा राजीनामा मागत नाही. राजीनामा देऊन खुर्ची बदलते, फाइल तिथेच राहते. आमचं म्हणणं एकच : जबाबदार कोण, हे दुर्घटनेनंतर शोधू नका, आधीच लिहून लावा.

आमच्या मागण्या :

1. प्रत्येक पूल, धरण आणि होर्डिंगवर फलक लावा : मालकी कुणाची, जबाबदार अधिकाऱ्याचं नाव आणि पद, शेवटची तपासणी कोणी व कधी केली, निष्कर्ष काय.

2. पूल धोकादायक ठरला, तर त्याच दिवशी तो भक्कम अडथळे घालून बंद करा. पर्यायी रस्त्याची सोय त्याच आदेशात असावी.

3. राज्याचा दफ्तर दिरंगाईविरोधी कायदा 2005 चा आहे. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, असं त्यात लिहिलं आहे. दुरुस्तीची प्रत्येक फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे जाहीर करा आणि मुद्दाम रखडवणाऱ्यावर याच कायद्याने कारवाई करा.

4. चौकशीचे अहवाल विधिमंडळात मांडा. निलंबितांचं पुढे काय झालं, तेही सांगा.

मित्रहो, सरकारने हे आपण होऊन करावं म्हणून वाट पाहू नका. आपल्या वाटेवरचा एक पूल निवडा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज करा : पूल कुणाच्या ताब्यात, पावसाळ्यापूर्वीची पाहणी कोणी केली, अहवालाची प्रत द्या. 30 दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. उत्तर आलं, तर ते 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, ठरावात घ्या. नाही आलं, तर अपील करा. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या पुलाचं नाव घेऊन विचारा, आणि ‘बघतो’ या उत्तरावर त्याला सोडू नका.

जिथे नाव लिहिलेलं असतं, तिथे हात झटकता येत नाहीत. ते नाव लिहून घेणं आता आपल्या हातात आहे. पत्रक वाचा, शेजाऱ्याला द्या, आणि अर्ज याच आठवड्यात करा.

— या पुलांवरून रोज ये-जा करणारे नागरिक