सकाळचा ब्रश सोवळ्यासाठी, रात्रीचा दातांसाठी. आपण नेमका दुसराच चुकवतो!

मंडळी, आपल्या मावळात कुणाच्याही घरी जा. वडगाव असो, कामशेत असो की पवनानगरच्या पलीकडची एखादी वाडी. पोराने दात न घासता चहाच्या कपाला हात लावला की आजी धपाटा घालणार. रात्री मात्र तेच पोर चिक्कीचा तुकडा चघळत, मोबाईल बघत झोपलं, तर कुणी चकार शब्द काढत नाही. उलट "दमलंय बिचारं" म्हणून अंगावर पांघरूण घालतात. ही सगळी उलटी गंगा आहे, आणि तिची किंमत पोरं दाढा धरून मोजतायत.

मुळात "कीड लागली" या शब्दानेच आपला घोळ करून ठेवलाय. बाहेरून कुठली अळी येऊन दात पोखरत नसते. तोंडातले जंतू साखर खातात आणि आम्ल सोडतात, त्या आम्लाने दाताचं कवच विरघळतं. प्रत्येक गोड घासानंतर साधारण अर्धा तास हे चालतं. मग लाळ येऊन आम्ल धुते, थोडीफार डागडुजीही करते. झोपेत लाळ जवळजवळ आटते. म्हणजे रात्री दातात अडकलेल्या गुळाला सकाळपर्यंत रान मोकळं. सकाळी उठून खसाखसा घासताना आपण रात्रीच्या दरोड्याचा पंचनामा करत असतो. सकाळी घासू नका असं मी म्हणत नाहीये, दोन्ही वेळा घासा. पण कंटाळा करायचाच असला तर तो रात्री करू नका.

आणि हो, चिक्कीवाल्यांनी लगेच अंगावर येऊ नये. लोणावळ्याची अर्धी बाजारपेठ चिक्कीवर उभी आहे, ती खाऊ नका म्हणायला मी काय वेडा आहे? जेवणानंतर एकदाच खा, वाटलं तर दोन तुकडे जास्त खा. दिवसभर खिशात ठेवून तासा-तासाला एक तुकडा हा खरा घात आहे. चहात बुडवलेल्या बिस्किटाचंही तेच. त्याचा चिखल दाढेच्या खाचेत बसतो आणि आपण त्याला "हलकं खाणं" म्हणतो.

आता गुळणी. पेस्ट लावली की तांब्याभर पाण्याने खळखळून चुळा भरायच्या, घशात बोट घालून खाकरायचं, शेजारपाजारला कळलं पाहिजे की साहेब उठले! त्यात पेस्टमधलं कामाचं औषध, म्हणजे फ्लोराइड, मोरीत वाहून जातं. कवच घट्ट करायचं काम ते करतं, आणि त्यासाठी ते दातावर राहावं लागतं. फेस थुंकून टाका, बस्स. चूळ नको. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा हेच सांगते.

"आमच्याकडं पाणी सकाळीच येतं, रात्री कुठून आणायचं?" हा प्रश्न खरा आहे. लोणावळ्यात पाऊस धो धो कोसळतो, पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवड पितं, आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याच कातकरी-ठाकर वस्त्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे वाहतात. त्यावर स्वतंत्र भांडू, भांडलंच पाहिजे. पण थुंकायचंच असेल तर पाणी लागतं किती? ब्रश धुण्यापुरतं अर्धा पेला. तळेगाव-चाकणच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून रात्री उशिरा येणाऱ्यालाही दोन मिनिटं जड नाहीत.

फ्लोराइड म्हणजे विष, असे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांसाठी थोडं. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात जातं, त्याने दात आणि हाडं खराब होतात. हे खरं आहे. पण ते पाणी लोक लिटरभर पितात, पेस्ट आपण थुंकतो. तीन वर्षांखालच्या लेकराला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढच्याला वाटाण्याएवढी. जाहिरातीतल्यासारखी ब्रशभर लाट काढायची गरजच नाही. कायद्याने फ्लोराइडच्या ट्यूबवर त्याचं प्रमाण पीपीएममध्ये छापावं लागतं, कमाल मर्यादा १०००. दुकानात ट्यूब उलटी करून वाचा. लवंग-पुदिन्याची चित्रं भरपूर आणि तो आकडाच नाही, तर कीड थांबवायला तिचा उपयोग फारसा नाही.

मशेरीबद्दल तर बोलायलाच नको. तव्यावर भाजलेली तंबाखू ती, दातांचं औषध नव्हे. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ मध्येच बंदी केली. तरी सासूकडून सुनेकडे वारसा चालूच आहे, आणि हिरड्या सोलतात, कॅन्सर होतो तो बायांना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइड पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. आपल्याकडे सप्टेंबर २०२५ पर्यंत तिच्यावर १८ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे. उशिरा सुचलेलं शहाणपण, पण चला.

"दुधाचे दात, पडणारच आहेत" असं म्हणणाऱ्या आईबापांनो, सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती दुधाची नसते. दुधाचा एकही दात न पाडता ती गुपचूप येते आणि जन्मभरासाठी असते. दुसरी-तिसरीतल्या पोराचं तोंड आज उघडून बघा, तीच काळी दिसेल. मग रूट कॅनॉलला काही हजार मोजा.

शिबिरवाल्या पुढाऱ्यांनो, बॅनर लावून ब्रश वाटले, फोटो काढले, झालं? स्कॉटलंडमध्ये चाइल्डस्माइल नावाच्या कार्यक्रमात बालवाडीतली पोरं रोज मोठ्यांच्या देखरेखीखाली दात घासतात. आपल्या अंगणवाडीत खिचडीनंतर हे का जमू नये? पेस्टचा खर्च तुमच्या एका फ्लेक्सपेक्षा कमी येईल. सेविकांवर आधीच कामाचा डोंगर आहे हे मान्य, म्हणून मानधन वाढवून द्या, फुकट राबवू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायची असतात, त्यात दातही येतात. पुढच्या ग्रामसभेत उभं राहून विचारा: आमच्या गावात पथक कधी आलं, किती मुलांचे दात किडलेले निघाले, आणि त्यातल्या किती जणांवर उपचार झाले? उत्तर लेखी मागा, आणि इथे कमेंटमध्ये गावाच्या नावासकट टाका.