गाभण शेळीचा खुराक

शेळी गाभण राहिल्यापासून सुमारे १५० दिवसांनी विते. पहिले साडेतीन महिने झाडपाला, कडबा आणि चरणे यांवर तिचे भागते. खरी कसोटी शेवटच्या दीड महिन्याची. करडांची बहुतेक वाढ याच काळात होते, आणि गर्भाच्या दाबाने पोटात चाऱ्याला जागा उरत नाही. पोट मोठे दिसते म्हणून खुराक तोडावा, असे आमच्या खानापूर भागात पुष्कळजण मानतात. आम्हीही एकदा शेजारच्या मावशींना हाच सल्ला दिला होता. जुळी करडे पोटात असता त्यांची शेळी बसली ती उठलीच नाही. एम.ए.च्या पदवीने हे ज्ञान येत नाही!

या दिवसांत पाव किलोच्या आसपास भरडा व पेंड द्यावी, परंतु दोनतीन वेळा विभागून. व्यायल्यावर कोमट पाणी, थोडा गूळ, गव्हाचा कोंडा. धान्य मात्र आठदहा दिवसांत हळूहळू वाढवावे, एकदम दिल्यास पोट बिघडते. वार पडेपर्यंत चीक अडवून ठेवण्याची रीतही सोडावी. तो पहिल्या तासाभरातच करडांना पाजावा.

मावशींनी यंदा दुसरी शेळी घेतली आहे. खुराकाचे त्या आता आम्हांला नव्हे, जनावरांच्या डॉक्टरांना विचारतात.