एका होडीतले चौघे

२४ ऑगस्ट २०१८ रोजी इंडोनेशियातील पालेम्बांग येथे आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या चार नौकानयनपटूंनी सुवर्णपदक पटकावले. स्वर्ण सिंग, दत्तू भोकनळ, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग ही त्यांची नावे. मराठी मुलखात मात्र त्या दिवशी एकच नाव गाजले, ते दत्तूचे. त्यात नवल नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोही या अवर्षणग्रस्त गावचा मुलगा पाण्यावरच्या खेळात आशियात पहिला येतो, याचे कौतुक कोणाला वाटणार नाही? आम्हांसही वाटले आणि आजही वाटते. पण त्या पदकाकडे पाहण्याची आपली दृष्टी एका ठिकाणी चुकते आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आणि ते नौकानयनापुरते नाही, म्हणून येथे मांडत आहोत.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. या प्रकाराला क्वाड्रपल स्कल्स म्हणतात. होडीत चार गडी आणि प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही, म्हणजे एकूण आठ. अंतर दोन हजार मीटर. ओरडून ताल धरणारा सुकाणूवाला या होडीत नसतो. चौघेही शर्यतीच्या शेवटाकडे पाठ करून बसतात. वल्हवताना तोंड ज्या बाजूला असते त्या टोकाला बसलेला गडी ताल ठरवतो आणि मागच्या तिघांनी त्याच्या पाठीकडे पाहत तोच ताल धरायचा असतो. दुसऱ्या टोकाचा गडी अधूनमधून मान वळवून होडी सरळ जाते आहे ना ते पाहतो. आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात शिरली आणि एकाच क्षणी बाहेर आली तर होडी धावते. एकाचे वल्हे जरा आधी पडले, तर त्याची ताकद होडीला पुढे नेण्याऐवजी डुलवण्यात जाते. म्हणून चार सर्वांत बलवान माणसे एकत्र बसवली की सर्वांत वेगवान होडी तयार होते, असे या खेळात घडत नाही.

पालेम्बांगची होडी ६ मिनिटे १७.१३ सेकंदांत पोहोचली. यजमान इंडोनेशिया दुसरा आणि थायलंड तिसरा. या सहा मिनिटांतली दत्तूची किती आणि सुखमीतची किती, हे सांगणारे घड्याळ अजून निघालेले नाही.

आदला दिवस लक्षात घेतला तर या विजयाची किंमत अधिक कळते. २३ ऑगस्टला भारतीय नौकानयनपटूंच्या हाती एकही पदक लागले नाही. एकेरीच्या अंतिम शर्यतीत दत्तू सहावा, म्हणजे शेवटचा आला. हाच दत्तू २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तेरावा आला होता. त्याच्या आधी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये एकेरीत स्वर्ण सिंगने भारताचे प्रतिनिधित्व केले होते. म्हणजे एकट्याने होडी हाकण्याची सवय असलेले दोघे मोठे खेळाडू या होडीत दुसऱ्याच्या तालाला ताल देत बसले होते. आदल्या दिवशी शेवटच्या क्रमांकावर आलेल्या माणसाला उरलेल्या तिघांनी होडीत सामावून घेतले आणि चोवीस तासांत चौघांनी सोने आणले. आमच्या मते या पदकाची खरी गोष्ट ही आहे. ती एकाच नावाच्या मथळ्यात मावत नाही.

स्वर्ण आणि सुखमीत पंजाबच्या मानसा जिल्ह्यातले, कापसाच्या पट्ट्यातले. दत्तू नाशिक जिल्ह्यातला. चौघेही सैन्यात. दत्तू २०१२ साली सैन्यात गेला आणि वल्हे त्याने हाती धरले ते पुण्यात, सैन्याच्या केंद्रात. पुण्यात नौकानयन जुने आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाची मुळेच्या पात्रातली रेगाटा १९२८ पासूनची. तरीही सोने आणणारा मुलगा शहरी महाविद्यालयातून आला नाही, दुष्काळी गावातून पलटणीत गेला आणि तेथून आला. आपल्या सुशिक्षित समाजाने यावरही विचार करावा.

आपण इंदूर, देवास, धार, उज्जैनची मराठी कुटुंबे. आपले पूर्वज अठराव्या शतकापासून या माळव्यात येऊन राहिले. महाराष्ट्रातल्या एखाद्या मुलाने पराक्रम केला की आपला ऊर भरून येतो, आणि तो यावाच. पण आपल्याच शहराचा इतिहास काय सांगतो? होळकरांच्या क्रिकेट संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या आठ हंगामांत चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघात सी. के. नायडू होते, मुश्ताक अली होते, चंदू सरवटे होते, भाऊसाहेब निंबाळकर होते. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या करंडकाचे भाषावार तुकडे केले नाहीत. नायडूंचा षटकार आणि सरवट्यांचा बळी दोन्ही इंदूरचेच. मराठीपण जपण्यासाठी दुसऱ्याचे नाव झाकावे लागत नाही, हे त्या पिढीला कळत होते.

आज काय होते? चौघे परत येतात आणि ज्याचे-त्याचे राज्य आपापल्या माणसाला बक्षीस जाहीर करते. रकमा सारख्या नसतात. एकाच होडीत, एकाच तालात, तेवढेच श्रम केलेल्या माणसांच्या घामाचे मोल त्यांच्या जन्मगावावरून ठरते. सांघिक पदकाचे बक्षीस केंद्राने आणि राज्यांनी मिळून समान ठरवावे, ही मागणी आपल्यासारख्या संस्थांनी करायला हवी. दोन राज्यांशी नाते असलेल्या आपल्यासारख्यांच्या तोंडी ती अधिक शोभेल.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सोने आणणाऱ्या याच दत्तूवर २०१९ मध्ये भारतीय नौकानयन महासंघाने दोन वर्षांची बंदी घातली. पालेम्बांगच्या एकेरी शर्यतीत त्याने जाणूनबुजून अर्ध्यातच वल्हवणे सोडले, असा ठपका होता. आपली प्रकृती बरी नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. जानेवारी २०२० मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या शर्यतीचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्या खेळाडूला उमेदीची वर्षे मोजकीच असतात, त्याच्या बाबतीत आधी इतकी कठोर शिक्षा आणि मग मुदतीआधीच माघार, हा कारभार शोभणारा नाही. सुवर्णपदकाच्या दिवशी हारतुरे घेऊन उभा राहणारा मराठी समाज बंदीच्या दिवशी कोठे होता, हेही विचारायला हवे.

या प्रश्नाची कसोटी २०२३ साली लागली. हांगझौ येथील आशियाई स्पर्धेत भारताने नौकानयनात पाच पदके मिळवली. सुकाणूधारी आठजणांच्या होडीला रौप्य मिळाले. क्वाड्रपल स्कल्समध्ये सतनाम सिंग, परमिंदर सिंग, जाकर खान आणि सुखमीत सिंग यांनी कांस्य आणले. पालेम्बांगच्या चौघांपैकी सुखमीत पुन्हा पदकाच्या होडीत होता. आपल्यापैकी किती घरांत त्याचे नाव घेतले गेले?

पुढचा काळ सांघिक होड्यांचाच आहे. ऑलिंपिकमध्ये भारताची चारजणांची होडी आजवर कधी गेलेली नाही. २०२१ मध्ये टोकियोत अर्जुनलाल जाट आणि अरविंद सिंग अकरावे आले, ते हलक्या वजनी गटाच्या दुहेरीत. तो गट २०२४ च्या पॅरिसनंतर ऑलिंपिकमधून काढून टाकण्यात आला. ती वाट बंद झाली. आता उंच, दणकट मुले वर्षानुवर्षे एकत्र सराव करतील तरच काही हाती लागेल.

त्यासाठी आपल्याला पुण्याकडे पाहण्याचीही गरज नाही. राष्ट्रीय स्पर्धा झालेला भोपाळचा बडा तलाव आपल्यापासून चार-पाच तासांवर आहे आणि राज्य शासनाची जलक्रीडा अकादमीही भोपाळलाच आहे. आपल्या घरांतली मुले क्रिकेट आणि बॅडमिंटनपलीकडे फारशी जात नाहीत. ज्या पालकांचा मुलगा वा मुलगी उंच आहे, चिकाटीची आहे, त्यांनी एकदा तेथे निवड चाचणीला पाठवून पाहावे. तेथे होडीत शेजारी बुंदेलखंडचा मुलगा असेल, पुढे भिल्ल मुलगी असेल. चांगलेच आहे.

आणि आपल्या सभागृहांत यापुढे सांघिक पदकाचा सत्कार होईल तेव्हा फलकावर मराठी नाव एक असो वा नसो, होडीतली सगळी नावे सारख्याच आकारात लिहावीत, एवढी आमची आग्रहाची विनंती आहे.