पेटी सजवा, पण मखर नको

अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली अधूनमधून एक वेगळाच हट्ट ऐकू येतो. नातवाला कुत्रा नको, मांजर नको. त्याला कॉर्न स्नेक हवा असतो. हा तिकडचाच केशरी, बिनविषारी साप. आपल्या धामणीच्या कुळातला.

भारतात राहणाऱ्यांनी मात्र हे वाचून हुरळून जाऊ नये. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप घरात ठेवणं गुन्हा आहे. तिकडेही आधी तुमच्या राज्याचा नियम बघा. जॉर्जियात हा साप स्थानिक, म्हणून पाळता येत नाही. हवाईत तर कुठलाच साप चालत नाही.

साप घरी आला की सगळं घर सजावटीला लागतं. आपल्याला गणपतीच्या आराशीची सवय. थर्माकोल येतं, चमकी येते, दिव्यांच्या माळा येतात. हौस चांगली आहे. पण मखरातली मूर्ती सगळ्यांना दिसावी म्हणून आपण सजवतो. सापाची पेटी सजवायची ती त्याला कुणाला न दिसता राहता यावं म्हणून. पेटीत बघितलं आणि साप चटकन सापडला नाही, तर समजा सजावट जमली.

म्हणून पहिलं काम लपायच्या जागांचं. निदान दोन हव्यात. एक पेटीच्या उबदार बाजूला, एक थंड बाजूला. एकच ठेवलीत तर त्याला ऊब आणि आडोसा यांतलं एक सोडावं लागतं, आणि तो बहुधा ऊब सोडतो. मग खाल्लेलं नीट पचत नाही.

या जागेसाठी दुकानात पैसे घालवायची गरज नाही. कॉर्नफ्लेक्सचं रिकामं खोकं चालतं. पिल्लू असेल तर कागदी रुमालांच्या गुंडाळीची नळीही चालते. मुलांना ती कापू द्या, रंगवायची हौस बाहेरच्या बाजूला भागवू द्या. जागा अंगाला घासेल इतकी तंगच बरी, सापाला तसंच सुरक्षित वाटतं. भोक मात्र सढळ ठेवा. उंदीर गिळल्यावर त्याचं पोट फुगतं. रिकाम्या पोटी आत गेलेला साप भरल्या पोटी अडकू शकतो. खोकं ओलं झालं, घाण झालं की फेकून द्या.

आता चिकटपट्टीबद्दल. एकदा मीच पुठ्ठ्याचा बोगदा तिने जोडला होता. दुसऱ्या दिवशी साप तिला चिकटून बसलेला. पट्टी ओढली तर खवले सोलून निघतात. ऑलिव्ह तेल लावत लावत ती सोडवायला तासभर गेला, आणि नातीचं रडणं थांबायला त्याहून जास्त. तेव्हा पेटीच्या आत चिकटपट्टी नको. कुठलीच नको. खोक्याला खाचा पाडून ते एकमेकांत अडकवा. चिकटवणं भागच असेल तर मत्स्यपेटीसाठी मिळतं ते सिलिकॉन वापरा, आणि पूर्ण सुकून वास जाईपर्यंत काही दिवस ते बाहेर राहू द्या.

दगड ठेवायचा तर थेट पेटीच्या तळावर ठेवा. त्याच्याभोवती भुसा पसरा. भुशावर दगड ठेवलात तर साप खालून उकरतो आणि दगड त्याच्यावरच बसतो. भुसा ॲस्पेनचा घ्या. देवदाराचा सुवासिक भुसा आपल्याला आवडतो, पण त्यातलं तेल सापाला बाधतं.

अंगणातली फांदी छान दिसते, सापाला चढायलाही आवडते. ती कण्हेरीची किंवा चिकाची नको. फवारणी झालेल्या झाडाचीही नको. घासून धुवा, वाळवा, मग ओव्हनमध्ये अडीचशे फॅरनहाइटला अर्धा तास ठेवा. त्या वेळी समोरच थांबा. नंतर फांदी अशी घट्ट बसवा की हाताने हलवून हलली नाही पाहिजे.

प्लॅस्टिकची पानं चालतात, पण देठातून तार बाहेर आली आहे का ते बोट फिरवून बघा. काचेच्या तीन बाजूंना बाहेरून रंगीत कागद लावा. हा सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी दागिना.

दिव्यांच्या माळा आत सोडू नका. तापणारे नकली दगडही घेऊ नका, त्यांनी पोट भाजतं. उबेला थर्मोस्टॅट लावा. ऊब देणारा दिवा आत असेल तर त्याला जाळी हवीच. फांदी लावून झाली की झाकणाची कडी तपासा. ती सैल राहिली तर रात्री सगळं घर कपाटं सरकवत बसेल.

कात टाकायच्या दिवसांत डोळे निळसर, धूसर होतात. तेव्हा एका डब्यात ओलसर शेवाळ भरून ठेवा. कात अखंड उतरते.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांत विसरली जाते. सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात, साप ठणठणीत असला तरी. पेटीतली भांडी, दगड, खोटी पानं स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. वेगळी बादली ठेवा. प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा. पाच वर्षांखालच्या मुलांनी आणि पासष्टीपुढच्यांनी सापाला हात न लावलेलाच बरा. आजी-आजोबांनो, यात आपण आलो. आपण खोकी कापू, मुलं आत लावतील.

एकदा सजवलंत की दर रविवारी बदलू नका. जागा ओळखीची असली की साप खातो, फिरतो. सतत हलवाहलव केली की खाणं सोडून बसतो.

नागपंचमीला पूजा पाटावरच्या चित्राची करा. लाह्या, दूध तिथेच ठेवा. उदबत्ती दुसऱ्या खोलीत लावा, धूर सापाला सोसत नाही. पेटीतल्या भांड्यात नेहमीचं पाणीच भरा, आणि ते भरण्याआधी बोटांचं हळदकुंकू धुऊन घ्या.