‘कम्प्लीट’ : कशापुरते?

इंग्रजी भाषेत पूर्णत्व दर्शविणारे जे शब्द आहेत (कम्प्लीट, होल, टोटल, परफेक्ट, फुल) त्यांच्याविषयी आपल्या मंडळींत दोन समजुती रूढ आहेत. एक विनोदाची : अनुरूप वधू लाभली की मनुष्य ‘कम्प्लीट’ होतो आणि भलती लाभली की ‘फिनिश्ड’, हा जीर्ण झालेला चुटका प्रत्येक लग्नसमारंभात कोणीतरी नव्या उमेदीने सांगतो व तेवढ्यावर या शब्दांची मीमांसा आटोपते. दुसरी समजूत मास्तरी वळणाची : जे पूर्ण आहे ते पूर्णच, त्यात तर-तमभाव संभवत नाही, म्हणून ‘मोअर कम्प्लीट’, ‘व्हेरी परफेक्ट’ हे प्रयोग अशुद्ध होत. पहिली समजूत निरुपद्रवी आहे. दुसरीचा मात्र समाचार घेणे अगत्याचे आहे, कारण ती मनात धरून येथे अमेरिकेत करारनाम्यावर सही करणारा गृहस्थ हटकून अडचणीत येतो.

या नियमाला वंशावळ आहे. रॉबर्ट लाउथ या इंग्रज धर्माधिकाऱ्याने 1762 साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात, ज्या विशेषणांच्या अर्थातच पराकाष्ठा आहे त्यांना पुन्हा तमवाचक रूप देऊ नये, असे प्रतिपादन केले. आणि 1795 साली लिंडले मरे याने आपल्या व्याकरणात त्या निषिद्धांच्या यादीत ‘परफेक्ट’ला बसविले. परंतु तत्पूर्वीच, 1787 साली, फिलाडेल्फियात जमलेल्या प्रतिनिधींनी अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सरनाम्यात ‘मोअर परफेक्ट युनियन’ असे निःशंकपणे लिहून टाकले होते. ते काही इंग्रजीला पारखे नव्हते. 1781 पासून अमलात असलेल्या आधीच्या संघलेखाने आपला संघ शाश्वत असल्याचे घोषित केले होते खरे, पण त्या संघाच्या काँग्रेसला कर बसविण्याचा अखत्यार नव्हता; राज्यांकडे रकमेची मागणी करावी आणि ती येईल त्या हप्त्याने येऊ द्यावी, एवढाच तिचा कारभार. संघ होता, संघाला जे साधायचे ते साधण्यापुरता तो पुरा नव्हता. हीच उणीव त्या ‘मोअर’ने नेमकी दाखविली, आणि 1869 साली टेक्सास विरुद्ध व्हाइट या खटल्यात सरन्यायाधीश चेस यांनी याच शब्दप्रयोगाचा आधार घेऊन असा युक्तिवाद केला की जो संघ मुळात शाश्वत होता आणि पुढे अधिक परिपूर्ण केला गेला, तोच जर अभंग नसेल तर अभंग म्हणावे कशाला? राज्याला संघातून एकतर्फी फुटून निघता येत नाही, हा निर्णय ज्या आधारांवर उभा राहिला त्यांत वैयाकरणांनी बाद ठरविलेल्या या तर-भावाचीही गणना करावी लागते.

माझे म्हणणे एवढेच, की पूर्णत्व हा वस्तूच्या अंगचा गुण नसून वस्तू आणि तिचे प्रयोजन यांच्यातील संबंध आहे. कशापुरते पूर्ण आणि ते कोणी ठरवायचे, हे दोन प्रश्न सोडून हे शब्द वापरणे म्हणजे माप न सांगता कापड मागणे. येथील ‘होल मिल्क’च पाहा. नावावरून वाटते की गाईने दिले तसे. वस्तुतः त्यात स्निग्धांश किमान 3.25 टक्के असावा असे कायद्याचे मान आहे, आणि दुधातून आधी साय वेगळी काढून मग त्या मानापर्यंत ती परत मिसळण्याचा दुग्धालयांचा परिपाठ आहे. भारतात ‘फुल क्रीम’ म्हणून जे विकले जाते त्यात 6 टक्के अपेक्षित असतात. तेव्हा नवागत गृहिणीची साय न धरल्याची तक्रार रास्तच आहे; अर्थात त्या दुर्भिक्षाला होमोजिनायझेशन ही दुसरी प्रक्रियाही जबाबदार आहे.

बांधकामाच्या व्यवसायात चरितार्थ चालत असल्याने मला या बाबतीत ‘सब्स्टॅन्शियल कम्प्लीशन’ ही संज्ञा सर्वांत बोलकी वाटते. मास्तरांच्या दृष्टीने हा वदतोव्याघात. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत निर्णायक दिवस. इमारत ज्या कामासाठी बांधली त्या कामासाठी मालकाला ती वापरता येऊ लागली, असा दाखला वास्तुशिल्पी देतो. त्यापूर्वी तो प्रत्येक दालनातून फिरतो व ‘पंच लिस्ट’ करवून घेतो : अमुक दाराची कडी बसत नाही, जिन्याच्या वळणावर रंगाचा एक हात राहिला आहे, दुसऱ्या मजल्यावरील नळाखाली ओल दिसते. कलमे शेकड्यांनी निघतात, आणि तरीही त्याच तारखेपासून सामान्यतः इमारतीची देखभाल, वीज व विमा मालकाच्या शिरावर येतो, हमीची मुदत चालू होते आणि बऱ्याच राज्यांत दाव्याची अंतिम कालमर्यादाही तेथूनच मोजतात. उरलेली कलमे उरकून घेण्यासाठी ‘रिटेनेज’ म्हणून काही रक्कम हाती राखलेली असते. ‘फायनल कम्प्लीशन’ मागाहून सावकाश येते. आपल्याकडे नगरपालिका जो भोगवट्याचा दाखला देते त्याच्या मुळाशीही प्रयोजनाचाच विचार आहे : घर राहण्याजोगे झाले की नाही?

या विचाराचा सर्वांत प्रसिद्ध निवाडा न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात 1921 साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी दिला. केंट नावाच्या गृहस्थांचे सुमारे 77,000 डॉलरांचे घर जेकब अँड यंग्ज यांनी बांधले. करारात नळ रेडिंग या कारखान्याचे असावेत असे होते. प्रत्यक्षात बरेचसे दुसऱ्या कारखान्यांचे, पण त्याच प्रतीचे, बसले आणि भिंतींत गाडलेही गेले. मालकाने भिंती फोडून ते बदलण्याचा आग्रह धरला व शेवटचे सुमारे 3,483 डॉलर अडकवून ठेवले. न्यायालयाने, चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने, कंत्राटदाराच्या बाजूने कौल दिला : नुकसान मोजायचे ते नळ बदलण्याच्या खर्चाने नव्हे, तर घराच्या किमतीत पडलेल्या फरकाने, आणि तो फरक जवळजवळ शून्य.

यावर कोणी म्हणेल की ही तर आळशांना दिलेली सनद झाली. अर्धवट काम करावे आणि ‘सब्स्टॅन्शियली कम्प्लीट’ म्हणून हात झटकावे. आक्षेप पोकळ नाही. त्या तीन असहमत न्यायमूर्तींची धारणाही अशीच होती की मालकाने जे मागितले ते त्याला मिळालेच पाहिजे. परंतु कार्डोझो यांनी बुद्धिपुरस्सर कसूर करणाऱ्याला या सवलतीतून स्पष्टपणे वगळले आहे. शिवाय रेडिंगचेच नळ आपल्याला प्राणापलीकडे प्रिय असतील, तर तसे करारात निःसंदिग्ध लिहून, ती पूर्तता ही पैसे देण्याची पूर्वअट करण्याची मोकळीक मालकाला होतीच. म्हणजे पूर्णत्वाची व्याख्या आधी लिहून ठेवणाऱ्याचे फावते. शब्दकोशावर विसंबणाऱ्याचे नाही.

आपल्या मंडळींना हे सर्वांत जवळून भिडते ते ‘पेड इन फुल’ लिहिलेल्या धनादेशापाशी. देणे किती याविषयी खराखुरा वाद असेल आणि देणेकऱ्याने हे तीन शब्द ठळकपणे लिहून, प्रामाणिक हेतूने, कमी रकमेचा धनादेश पाठविला असेल, तर तो वटविणे म्हणजे सामान्यतः फारखती लिहून देणेच होय. मनातल्या मनात ‘हा पहिला हप्ता’ म्हणून तो बँकेत भरला तरी कायदा त्या मनोगताची दखल घेत नाही. चुकून वटविला गेला तर ठरावीक मुदतीत रक्कम परत करून हक्क शाबूत ठेवण्याची तरतूद पुष्कळ राज्यांत आहे. तेव्हा असा कागद हाती आल्यास बँकेत जाण्यापूर्वी वकिलाची गाठ घ्यावी, आणि वाद मिटेतो धनादेश कपाटातच राहू द्यावा.