देशोदेशीचा घास आणि आपला डबा

मे महिन्याची सुट्टी लागली की वस्त्यावस्त्यांतल्या विहारांत मुलांची धम्म संस्कार शिबिरे भरतात. त्रिसरण-पंचशील होते, परमपूज्य बाबासाहेबांचे चरित्र सांगितले जाते. धम्म जगभर पसरला हेही मुले ऐकतात, पण श्रीलंका, जपान ही नावे नुसती कानावरून जातात. कुर्ल्यातील कार्यकर्त्यांना आमची एक सूचना आहे. शिबिराचा एक दिवस देशोदेशीच्या अन्नासाठी ठेवा. भिंतीवर नकाशा लावा आणि घासाघासाने देश शिकवा.

श्रीलंकेत एप्रिलमधल्या नववर्षाला 'किरीबत' करतात. नारळाच्या दुधात भात शिजवून थापायचा नि वड्या पाडायच्या. कोकणातल्या मातांना हे मुळीच अवघड नाही. तिथेच वैशाख पौर्णिमेला 'दानसल' उभारून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालतात. तिबेटात भाजलेल्या जवाचे पीठ लोण्याच्या चहात कालवून खातात. आपल्या सातूच्या पिठाचाच तो भाऊ. चीनमध्ये भगवान बुद्धांच्या ज्ञानप्राप्तीची आठवण म्हणून तांदूळ, कडधान्ये व सुका मेवा यांची पेज करतात. जपानात ८ एप्रिलला बालबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहा ओततात.

याच पंगतीत आपली भाकरी आणि सुकटीची चटणीही मांडा. वास येईल म्हणून शाळेत झाकणाआड डबा खाणारी मुले आमच्या पाहण्यात आहेत. ही लाज जातिव्यवस्थेने चिकटवलेली आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर आपली माणसे मंडपात जेवत होती. त्यांच्यावर हल्ला झाला, अन्न मातीत मिसळले गेले. हे मुलांना सांगा. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकाची नोंद केली आहे, तीही वाचून दाखवा.

खर्चाची चिंता नको. तांदूळ, नारळ, सातूचे पीठ वाण्याकडे मिळते. पाच-सहा घरांनी वाटून घेतले की भार होत नाही. मात्र सारे काम आयांच्या गळ्यात टाकू नका. नारळ खवणे, भांडी घासणे मुलांनी करावे, त्यातही मुलग्यांनी आधी. शेजारच्या मुसलमान, ख्रिस्ती, दक्षिणी, उत्तर भारतीय घरांतल्या मुलांनाही बोलवा. कुर्ल्याच्या एकेका गल्लीत अर्धा भारत राहतो.

दुसऱ्याच्या ताटाला नाक न मुरडता जेवणारे मूल जूनमध्ये शाळेत गेले आणि आपल्या डब्याचे झाकण त्याने सर्वांसमोर उघडले, तर शिबिर सफल झाले असे आम्ही समजू. जयभीम!